खेळता येते, मग शिकवायला वेगळे प्रशिक्षण कशाला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारा हँडबॉलपटू आहे, महाविद्यालयाच्या संघातून खेळलेला. आता शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयात प्रवेश घ्यायचा विचार आहे. शिक्षक व्हायचे की प्रशिक्षक, हे ठरलेले नाही. शंका तीन आहेत. इतकी वर्षे खेळल्यावर शिकवण्यासाठी पुन्हा वर्गात कशाला बसायचे? शरीररचना, मानसशास्त्र, जैवयांत्रिकी (म्हणजे शरीराच्या हालचालींमागचे बल-वेगाचे शास्त्र) असल्या विषयांचा मैदानावर काय उपयोग? आणि महाविद्यालय निवडताना काय पाहायचे? छात्राध्यापकांचे, म्हणजे शिकवायला शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचे, सराव पाठ मैदानाच्या कडेला उभे राहून पाहणे हे माझे बऱ्याच वर्षांचे काम आहे. जे सांगतो ते तिथे दिसलेले आहे.

खेळ चांगला येतो ही तुमची जमेची बाजू आहे. पण शिकवायला उभे राहिलात की तीच पहिल्यांदा आडवी येईल. कौशल्य शिकण्याचे तीन टप्पे पॉल फिट्स आणि मायकेल पोझनर या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये मांडले. पहिल्या टप्प्यात माणूस विचार करकरून हालचाल करतो, दुसऱ्यात चुका कमी होत जातात, तिसऱ्यात हालचाल आपोआप होते. तुम्ही तिसऱ्या टप्प्यावर कित्येक वर्षे आहात. उडी कुठल्या पायावर घेता, कोपर नेमके केव्हा वर येते, चेंडू सोडताना नजर कुठे असते, हे विचारले तर तुम्हाला थांबून हात हलवून पाहावे लागेल. समोरची मुले मात्र पहिल्या टप्प्यावर असतात, आणि त्यांना नेमके तेच सांगायचे असते.

सराव पाठात हे हमखास दिसते. खेळाडू म्हणून उत्तम असलेला छात्राध्यापक झोकात जंप शॉट (उडी घेऊन हवेतून चेंडू फेकणे) मारून दाखवतो आणि म्हणतो, "बघा, असं करायचं. सोपं आहे." मुलांना त्यातले काहीच पकडता आलेले नसते. त्यांचे चेंडू भलतीकडे जातात आणि आमचा खेळाडू प्रत्येकाचा हात धरून दुरुस्त्या करत सुटतो: कोपर वर घे, मनगट वळव. चूक पुष्कळदा हातात नसतेच. उजव्या हाताने फेकणारे मूल उजव्याच पायावर उडी घेत असते, त्यामुळे खांदा मागे न्यायला वावच राहत नाही. पावलांचा ताल बसला, उडीचे पाऊल डावे पडू लागले, की हात बऱ्याच अंशी आपणहून सुधारतो. डोळ्यांना दिसते ती चूक एक आणि तिचे मूळ दुसरीकडेच, हे ओळखायला शिकण्यासाठी दुसऱ्यांचे असंख्य फसलेले प्रयत्न जाणत्या माणसाच्या शेजारी उभे राहून पाहावे लागतात. खेळाडू म्हणून तुम्ही ते कधी पाहिलेले नाहीत, कारण तुमचे लक्ष स्वतःच्या खेळाकडे होते आणि ते तसेच असायला हवे होते. महाविद्यालयाकडून मिळवण्यासारखी सर्वांत मोलाची गोष्ट माझ्या मते हीच.

म्हणून एक आग्रह. ज्या प्रकारात तुम्ही अगदी कच्चे आहात तो पहिल्याच सत्रात शिकायला घ्या. पोहता येत नसेल तर पोहणे, नाहीतर जिम्नॅस्टिक्स. बहुतेक चेंडूवाले खेळाडू जिम्नॅस्टिक्सच्या तासाला मागे मागे राहतात, कारण तिथे आपण अनाडी दिसतो. ते दिसू द्या. हँडस्टँडला पाय वर टाकताना पोटात कसा गोळा येतो, शिक्षकाने एका दमात चार सूचना दिल्या की त्यातली एकही कशी डोक्यात राहत नाही, आणि एखादाच शब्द कसा कामी येतो, हे अंगावर घ्या. कुठला शब्द कामी आला ते त्या दिवशीच लिहून ठेवा. पुढे तुमच्या तासाला मागे मागे राहणारे मूल तुम्हाला लवकर कळेल.

या पेशाचा इतिहास महाविद्यालयात बहुधा सनावळीसारखा शिकवतात आणि मुले तो परीक्षेपुरता पाठ करतात. पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ मध्ये स्टॉकहोममध्ये व्यायामशिक्षक घडवणारी संस्था काढली, इथपासून तो सुरू होतो. त्यातले एक प्रकरण मात्र मी प्रत्येक नव्या तुकडीला सांगतो. अमेरिकेत स्प्रिंगफील्ड इथे वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेची प्रशिक्षण संस्था होती. १८९१ च्या हिवाळ्यात तिथला एक वर्ग बंद व्यायामशाळेतल्या त्याच त्या कवायतींना इतका कंटाळला की शिक्षकांना आवरेना. विभागप्रमुख ल्यूथर ग्यूलिक यांनी जेम्स नेस्मिथ या तरुण शिक्षकाला दोन आठवड्यांची मुदत देऊन नवा खेळ शोधायला सांगितले. नेस्मिथनी आधी मैदानी खेळ आत आणून पाहिले. त्यात धसमुसळेपणा फार झाला. मग त्यांनी त्या धसमुसळेपणाचे कारण शोधले. चेंडू घेऊन पळता येते म्हणून माणसाला पाडावे लागते. तेव्हा चेंडू घेऊन पळायचेच नाही. गोल जमिनीलगत उभा असतो म्हणून चेंडू जोरात मारला जातो; तेव्हा गोल उंचावर आणि आडवा ठेवायचा, म्हणजे चेंडू हळुवार, कमानीत टाकावा लागेल. तेरा नियम झाले, गॅलरीला पीच या फळाच्या दोन टोपल्या लागल्या, आणि वर्गात अठरा जण होते म्हणून प्रत्येक संघात नऊ. बास्केटबॉल असा जन्मला. चार वर्षांनी, १८९५ मध्ये, त्याच संस्थेत शिकलेल्या विल्यम मॉर्गन यांनी धक्काबुक्की नको असलेल्या मोठ्या माणसांसाठी व्हॉलीबॉल तयार केला. दोन्ही खेळांची सुरुवात एकाच प्रश्नातून झाली: माझ्यासमोरचा हा वर्ग, ही जागा, इतकी माणसे, यात काय बसेल? पाठ टाचण, म्हणजे तासाची लेखी आखणी, लिहिताना तुम्हीही हाच प्रश्न सोडवत असता, फक्त तो इतक्या कोरड्या रकान्यांत मांडलेला असतो की ते जाणवत नाही.

आता सराव पाठांकडे येतो, कारण प्रशिक्षणाचा जीव तिथे आहे. नव्या छात्राध्यापकाचा पाठ पाहताना मी त्याच्या कौशल्याकडे आधी बघत नाही. मी वर्गातले एक मूल निवडतो, शक्यतो मधल्या रांगेतले, ना हुशार ना दांडगे, आणि चेंडू त्याच्या हातात किती वेळा येतो ते मोजतो. तीस मुले एका रांगेत, समोर एक बास्केट, प्रत्येकाला दहा सेकंद. रांग एकदा संपायला पाच मिनिटे लागतात. वीस मिनिटांच्या सरावात त्या मुलाच्या वाट्याला चार प्रयत्न येतात. उरलेला सगळा वेळ ते उभे असते; मग पुढच्याला चिमटा काढते, आणि छात्राध्यापक वर्गाला शिस्त नाही म्हणून तक्रार करतो. तीच तीस मुले तिघातिघांच्या दहा गटांत, प्रत्येक गटाला एक चेंडू आणि भिंतीवर खडूने काढलेले लक्ष्य, असे विभागले तर त्याच वीस मिनिटांत प्रत्येकाला चाळीस प्रयत्न मिळतात. शिस्तीचा प्रश्न अर्ध्याहून अधिक तिथेच मिटतो. ओहायो स्टेट विद्यापीठात डॅरिल सीडेंटॉप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस याच मोजणीला शास्त्रीय रूप दिले. त्यांनी फक्त हालचालीचा वेळ मोजला नाही, तर मूल स्वतःला जमेल अशा पातळीच्या कामात किती वेळ गुंतले होते, ते पाहिले. नुसते धावपळ करणारे मूल आणि शिकणारे मूल यांत फरक आहे, तो या मोजणीत दिसतो.

साहित्य पुरेसे नाही, ही सबब मला लगेच ऐकवली जाते. खरी असते कधीकधी. पण पाच चेंडू असतील तर पाच केंद्रे करता येतात आणि बाकीच्या केंद्रांवर उड्या, पदन्यास, बचावाच्या हालचाली ठेवता येतात. अडचण बहुतेक वेळा अशी असते की मुलांना केंद्रांवरून फिरवायची सवयच लावलेली नसते. ती लावायला पहिले दोन-तीन तास खर्च करावे लागतात. त्यात दिसण्यासारखे काही घडत नाही, म्हणून निरीक्षकासमोर कोणी ते करत नाही. चांगला निरीक्षक त्यालाही गुण देतो.

काही गोष्टी बारीक वाटतात, पण पाठ त्यांवरच तरतो. ऊन मुलांच्या डोळ्यांवर येता कामा नये, ते तुमच्या डोळ्यांवर घ्या. प्रात्यक्षिक एकदा समोरून आणि एकदा बाजूने दाखवा; फेकण्याच्या कौशल्यात बाजूचेच जास्त कळते. वर्गात फिरताना मैदानाच्या कडेने फिरा, मध्ये शिरलात की अर्धा वर्ग पाठीमागे जातो. शिट्टी कमी वाजवा. सतत वाजणाऱ्या शिट्टीकडे मुले चौथ्या दिवसापासून लक्ष देत नाहीत. आणि स्वतःच्या पाठाचे चित्रण मोबाइलवर करून घ्या. पहिल्यांदा पाहताना बहुतेकांना आपल्याच बोलण्याचा धक्का बसतो: किती बोलतो आपण!

बोलण्याचा विषय निघालाच आहे. रोलँड थार्प आणि रोनाल्ड गॅलिमोर या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७४-७५ च्या हंगामात यूसीएलए या अमेरिकेतल्या विद्यापीठाचे बास्केटबॉल प्रशिक्षक जॉन वुडन यांचे सराव पाहून त्यांचे प्रत्येक बोलणे आणि कृती नोंदवली. दोन हजारांहून अधिक नोंदी झाल्या. त्यातल्या साधारण तीन चतुर्थांश नोंदींत काही ना काही माहिती होती: काय करायचे, कसे करायचे, केव्हा करायचे. निव्वळ कौतुक दहा टक्क्यांच्याही आत, निव्वळ नापसंतीही तितकीच कमी. आपल्याकडे "शाब्बास", "व्वा", "अरे काय हे!" यांवर सगळा तास निघतो. मुलाला आपण बरोबर केले की चूक हे कळते, पण पुढच्या खेपेला काय बदलायचे ते कळत नाही. "छान" म्हणण्याऐवजी "आत्ता शेवटचे पाऊल लांब टाकलेस, म्हणून उंच गेलास" असे म्हणायला जरा जास्त श्वास लागतो, एवढेच. अर्थात प्रत्येक प्रयत्नानंतर बोलणेही वाईट. मग मूल स्वतःच्या अंगाला काय जाणवले ते पाहायचे सोडून तुमच्या तोंडाकडे पाहू लागते.

अध्यापनपद्धतीचे दोन विचार तुम्ही मन लावून शिका, बाकीचे परीक्षेपुरते राहिले तरी चालेल. पहिला मस्का मॉस्टन यांचा, १९६६ चा. शिकवताना किती निर्णय शिक्षकाने घ्यायचे आणि किती विद्यार्थ्याने, यावरून त्यांनी अध्यापनशैलींची एक मालिका मांडली. एका टोकाला पूर्ण हुकुमाची शैली, दुसऱ्या टोकाकडे विद्यार्थ्याने स्वतः शोधून काढण्याच्या शैली. त्यातले तिरक्या दोरीचे उदाहरण मला फार आवडते. उंच उडीची दोरी आडवी बांधून हळूहळू वर नेली की मुले एकेक करून बाद होतात, आणि ज्यांना सरावाची सर्वाधिक गरज असते तीच सर्वांत आधी बाजूला बसतात. दोरी तिरकी बांधली, एक टोक जमिनीजवळ आणि दुसरे उंच, की प्रत्येक मूल आपल्याला झेपेल त्या ठिकाणाहून उडी मारते आणि कोणीच बाद होत नाही. काही दिवसांनी मुले आपणहून उंच टोकाकडे सरकतात. हे दोरीपुरते नाही. चेंडूचा आकार, लक्ष्याचे अंतर, जाळ्याची उंची, सगळेच तिरके करता येते.

दुसरा विचार डेव्हिड बंकर आणि रॉड थॉर्प यांचा, इंग्लंडमधल्या लफबरो इथला, १९८२ चा. आधी कौशल्ये घोटून घ्यायची आणि मग खेळ द्यायचा, हा क्रम त्यांनी उलटा केला. लहान केलेला, सोपा केलेला खेळ आधी द्या. त्यात मुले अडली की कौशल्याची गरज त्यांना स्वतःला कळेल, मग ते कौशल्य शिकवा, आणि परत खेळात न्या. तुमच्या हँडबॉलमध्ये तीन विरुद्ध दोन असा छोटा खेळ दिला की मोकळा खेळाडू पाहून पास देणे आपोआप विषय बनते. खांबांमधून ड्रिबल करत जाणारे मूल हे कधी शिकत नाही, कारण खांब अंगावर येत नाहीत. या पद्धतीवर माझा आक्षेप एकच आहे: पोहणे, जिम्नॅस्टिक्स, भालाफेक अशा ठिकाणी ती ओढून-ताणून लावू नये. तिथे सुरक्षित तंत्र आधीच हवे.

आता पुस्तकी विषय. ते निरुपयोगी वाटतात, कारण ते वर्गात एका माणसाने शिकवलेले असतात आणि मैदानावर दुसरा माणूस असतो. त्यांना जोडायचे काम तुम्हालाच करावे लागेल. एक नमुना देतो. जैवयांत्रिकीच्या तासाला प्रक्षेपण ४५ अंशांत केले तर सर्वाधिक लांब जाते असे शिकवतात. ते खरे आहे, पण वस्तू सुटते ती पातळी आणि पडते ती पातळी एकच असेल तर, हवेचा विरोध सोडून दिला तर, आणि कोन बदलल्याने वेग बदलत नसेल तर. माणसाच्या बाबतीत तसे होत नाही. गोळा खांद्याच्या वरून सुटतो, शिवाय जास्त वर ढकलायला गेले की वेग घटतो. म्हणून चांगले गोळाफेकपटू ४५ च्या बऱ्यापैकी खाली, पस्तीस-अडतीस अंशांच्या आसपास सोडतात. लांब उडीत तर उत्तम खेळाडूंचा कोन जेमतेम वीस अंशांच्या घरात असतो, कारण धावत येण्याचा वेग वाया घालवून उंच जाणे परवडत नाही. हे न कळलेला छात्राध्यापक मुलांना "उंच उडा, अजून उंच" म्हणत राहतो आणि मुलांची उडी आखडत जाते.

शरीरक्रियाशास्त्राचेही तसेच. सरावाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग दुखते ते लॅक्टिक आम्लामुळे, असे अजून पुष्कळ मैदानांवर सांगितले जाते. या आम्लाचे रक्तात वाढलेले रूप, लॅक्टेट, व्यायाम थांबल्यावर साधारण तासाभरात पूर्वपदावर येते. ४८ तासांनी होणारे दुखणे सवय नसलेल्या कामाने, विशेषतः ताणाखाली स्नायू लांबताना, त्याच्या तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजांशी जोडलेले आहे. हे कळले तर उतारावरून पळवण्याचा सराव पहिल्याच आठवड्यात भरमसाट द्यायचा नाही, हेही कळते. २२० वजा वय हे कमाल नाडीचे सूत्र घ्या. तो सरासरीचा अंदाज आहे. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत वीस ठोक्यांचा फरक सहज असू शकतो. त्यावर बोट ठेवून एखाद्याला कामचुकार ठरवू नका. वेगाचा सराव घेताना दोन धावांमध्ये पुरेशी विश्रांती दिली नाही, तर तो वेगाचा सराव राहत नाही, दमसासाचा होतो. सर्व ताकदीने सहा-आठ सेकंद धावल्यावर तेवढी तात्काळ ऊर्जा पुन्हा भरायला काही मिनिटे लागतात. मुले उभी दिसली की प्रशिक्षकाला वेळ फुकट गेल्यासारखा वाटतो, आणि इथेच गफलत होते.

वाढीचा अभ्यास मात्र मी सर्वांत वर ठेवीन. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास सर्वांत झपाट्याने वाढते, मुलांची चौदाव्याच्या. पण हे सरासरीचे आकडे आहेत. तेरा वर्षांच्या दोन मुलांत एक शरीराने अकरा वर्षांचा आणि दुसरा पंधराचा असू शकतो. चौदा वर्षांखालच्या संघाची निवड करताना आपण बऱ्याचदा कौशल्य निवडत नसून आधी वयात आलेले शरीर निवडत असतो. कॅनडातल्या आइस हॉकीच्या खेळाडूंवर रॉजर बार्न्सली आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवले की वयोगट ठरवण्याची तारीख १ जानेवारी असल्याने वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेले खेळाडू वरच्या पातळीवर फार जास्त होते. जन्माच्या महिन्याने कोणी प्रतिभावान होत नाही. झाले इतकेच की मोठ्या अंगाची मुले निवडली गेली, त्यांना अधिक सराव आणि चांगले प्रशिक्षक मिळाले, आणि मग ती खरोखरच पुढे गेली. झपाट्याने वाढणाऱ्या मुलाच्या गुडघ्याखालच्या उंचवट्याशी किंवा टाचेत दुखू लागते, धावणे काही महिने बेढब होते, आलेली कौशल्ये बिघडतात. ते आळशी झालेले नसते. उड्यांचे प्रमाण कमी करून वाट पाहावी लागते, दुखणे टिकले तर डॉक्टरांकडे पाठवावे लागते, आणि हे पालकांना समजावून सांगणे तुमचेच काम असते.

मैदान आखणी आणि स्पर्धा संयोजन हे विषय मुले हसण्यावारी नेतात. नेऊ नका. ४०० मीटरच्या धावमार्गाची आखणी एकदा स्वतःच्या हाताने चुना टाकून करा. प्रमाणित मार्गात आतल्या वळणाची त्रिज्या ३६.५० मीटर, सरळ भाग ८४.३९ मीटर, धावपट्टीची रुंदी १.२२ मीटर, पहिल्या पट्टीचे अंतर आतल्या कडेपासून ३० सेंटीमीटर बाहेर मोजतात, तेव्हा ४०० जुळते. दुसऱ्या पट्टीला ७.०४ मीटर पुढून सुरुवात का, हे गणित करून पाहिले की पुन्हा विसरत नाही. आणि शाळेत गेल्यावर पहिल्याच महिन्यात कोणीतरी तुमच्या हातात स्पर्धेचा कागद देणार आहे. तेरा संघांची बाद पद्धत म्हणजे बारा सामने आणि पहिल्या फेरीत तिघांना पुढे चाल, म्हणजे न खेळताच पुढची फेरी. तीच साखळी पद्धत, प्रत्येकाचा प्रत्येकाशी सामना, म्हणजे अठ्ठ्याहत्तर सामने. मैदान एक आणि दिवस दोन असतील तर मुख्याध्यापकांसमोर हे तोंडी सांगता आले पाहिजे.

शिक्षक की प्रशिक्षक, याबद्दल. दोघांचे शास्त्र जवळपास एकच आहे, पण समोरची माणसे वेगळी. शिक्षकासमोरचा वर्ग स्वतःहून आलेला नसतो. त्यात तुमच्यासारखा एखादाच असतो, बाकी ज्यांना घाम नको, ज्यांना पूर्वी कोणीतरी हसले आहे, ज्यांच्या हालचालीला काही मर्यादा आहे, अशी सगळी मुले असतात. शिक्षकाचे काम जमले की नाही हे त्यातली कच्ची मुले दहा वर्षांनी चालतात-पोहतात-खेळतात की नाही यावर ठरते, आणि ते बघायला तुम्ही तिथे नसता. प्रशिक्षकासमोर निवडलेली, हौसेने आलेली थोडी माणसे असतात आणि डोक्यावर स्पर्धेची तारीख असते. वर्षाची आखणी, म्हणजे लेव्ह मॅतवेयेव यांनी १९६० च्या दशकात सोव्हिएत संघात मांडलेला तयारी, स्पर्धा आणि संक्रमण असा आराखडा आणि त्यावर पुढे झालेली दुरुस्ती-टीका, प्रशिक्षकाला पक्की यावी लागते. त्याचा निकाल लगेच फलकावर दिसतो, आणि नोकरीही त्यावरच डोलते.

स्वभावाचा अंदाज घ्यायचा असेल तर दोन्हीकडचा सराव पहिल्याच वर्षी करून पाहा. वर्गातली न खेळणारी मुलगी तिसऱ्या आठवड्यात चेंडू मागायला आली याचा आनंद तुम्हाला संघाच्या विजयाइतका होतो का, हे तिथेच कळेल. होत नसेल तर त्यात कमीपणा नाही, प्रशिक्षक व्हा. फक्त शाळेत नोकरी घेऊन बारा जणांचा संघ घडवायचा आणि उरलेल्या वर्गाला एक चेंडू फेकून द्यायचा, हे करू नका. असे शिक्षक फार आहेत. चषकांच्या कपाटामुळे ते चांगले समजले जातात, हे जास्त वाईट.

सुरक्षिततेबद्दल थोडेच पण ठाम सांगतो. हृदय बंद पडलेल्या माणसाला छातीदाब देण्याचा वेग मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंटीमीटर, हे पाठ असून भागत नाही. सरावाच्या पुतळ्यावर हात दुखेपर्यंत केलेले असले पाहिजे आणि दरवर्षी परत केले पाहिजे, कारण ते हातातून लवकर जाते. उन्हात खेळाडू बरळू लागला, तोल गेला, अंग तापले, तर आधी जागेवरच थंड पाण्याने शरीर थंड करायला घ्यायचे आणि त्याच वेळी रुग्णवाहिका बोलवायची. नुसते गाडीत घालून पळवायचे नाही. डोक्याला मार लागून गोंधळलेला खेळाडू त्या दिवशी परत मैदानात उतरत नाही, सामना अंतिम असला तरी. महाविद्यालयात असतानाच आपल्या मैदानासाठी आणीबाणीची योजना कागदावर लिहा: फोन कोण करणार, फाटक कोण उघडणार, डीफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र) कुठे आहे, बाकी मुलांना कोण बाजूला नेणार.

आधार देताना मुलाला स्पर्श करावा लागतो. आधी सांगा, कुठे धरणार ते दाखवा, मुलाची संमती घ्या, आणि बंद दाराआड एकट्याला शिकवू नका. वजनावरून टोमणा कधीही नको. आणि शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावणे पहिल्या दिवसापासून बंद ठेवा. ज्या गोष्टीची गोडी लावण्यासाठी आपल्याला नेमले आहे, तीच आपण शिक्षा म्हणून वापरतो, आणि मग मोठी माणसे व्यायाम का करत नाहीत म्हणून परिसंवाद भरवतो!

राहिला महाविद्यालय निवडण्याचा प्रश्न. इमारत, पुतळे आणि भिंतीवरची खेळाडूंची छायाचित्रे बाजूला ठेवा. ते खेळाडू बहुधा तिथे येण्याआधीच तयार झालेले असतात. सराव पाठ चालू असतील अशा दिवशी न सांगता जा आणि कडेला उभे राहा. पाठ संपल्यावर निरीक्षक काय करतो ते पाहा. वहीवर सही करून पुढे जात असेल, तर तिथे तुमच्या फसलेल्या पाठांवरही सहीच होईल. छात्राध्यापकाला बाजूला घेऊन दहा मिनिटे बोलत असेल, एखादी गोष्ट पुन्हा करून घेत असेल, तर ते महाविद्यालय साध्या इमारतीतले असले तरी घ्या. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा की त्यांनी खऱ्या शाळेत, खऱ्या वर्गावर किती पाठ घेतले आणि किती आपल्याच वर्गमित्रांना मुले समजून घेतले. मित्रांवर घेतलेले पाठ सुरुवातीला ठीक असतात, पण मित्र ऐकतात आणि त्यांना आधीच येत असते. प्रयोगशाळा पाहायला मागा. यंत्रांवर धूळ आहे की घामाचे डाग, ते दिसेल. अपंग मुलांबरोबर काम करण्याची संधी अभ्यासक्रमात कुठे आहे, हेही विचारा. उत्तर देताना माणूस चाचपडला तर ती कागदावरच आहे असे समजा. आणि तिथे शिकवणाऱ्यांपैकी निदान काही जण अजून स्वतः मैदानावर वर्ग किंवा संघ घेत आहेत का, एवढे नक्की पाहून घ्या.